टाळी, नौबत आणि दिवा : भागानगरच्या बोलक्या वास्तू

गेल्या वर्षी आपल्या गणेशोत्सवाच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी काय झाले, ते बहुतेकांना आठवत असेल. मूर्तीच्या मागे एलईडीचा मोठा पडदा लावला होता. त्यावर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उजळला होता आणि दरवाजासमोर लख्ख ऊन पडले होते. बाहेर मात्र कुकटपल्लीवर ढग फुटला होता. ताडपत्रीवर पाण्याचे फुगे धरले, पडद्याच्या कडेने थेंब ओघळू लागले आणि ऑपरेटरने धावत जाऊन वीज बंद केली. त्या दिवशीची आरती आपण समईच्या उजेडात केली. आरती झाल्यावर दुसरीतल्या एका मुलाने आजोबांना विचारले, "बाहेर एवढा पाऊस होता, मग पडद्याला तो कळला कसा नाही?"

आजोबा हसले. आम्ही सजावट समितीतले चौघे मात्र त्या प्रश्नात अडकलो. आमच्यात इतिहासकार कोणी नाही. राज्य सरकारची नोकरी, डिप्लोमापुरते शिक्षण, रविवारी ग्रंथालयात जाऊन जुनी पुस्तके चाळण्याची हौस, एवढेच आमचे भांडवल. त्या भांडवलावर वर्षभर जे वाचले, पाहिले आणि जोडून पाहिले, ते या स्मरणिकेत मांडत आहोत.

आजकाल जगभर जुन्या वास्तूंवर प्रकाशचित्रे पाडली जातात. त्याच्याही पुढे जाऊन वारा, पाऊस आणि तापमान यांना प्रतिसाद देत बदलणारी चित्रेही तयार होतात. हे नवे खूळ आहे असे प्रथम आम्हालाही वाटले होते. पण शोध घेत गेलो तसे लक्षात आले की वास्तूने माणसाशी बोलावे आणि हवेला उत्तर द्यावे, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे.

दीपमाळेपासून किरणोत्सवापर्यंत

आपल्या गावाकडच्या देवळापुढची दीपमाळ आठवा. जेजुरीला पायऱ्या चढताना तर कितीतरी दीपमाळा लागतात. दगडी खांबाच्या हातांवर त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लावल्या की सारा खांब उजळतो. वाऱ्याची झुळूक आली की खालपासून वरपर्यंत ज्योती एका बाजूला झुकतात. वारा वाढला की वरच्या पणत्या आधी विझतात. कार्तिकात अवेळी सर आली तर सगळा खांब काळा. यात कोणी यंत्र बसवलेले नाही, तरी दीपमाळेकडे पाहून हवा कळते.

कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मंदिरातील किरणोत्सव हे त्याहून मोठे उदाहरण. वर्षातून दोनदा, जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या आरंभी आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात, अशी परंपरा आहे. मंदिर बांधणाऱ्यांनी सूर्याची जागा साधली. आकाश स्वच्छ राहील याची हमी त्यांना देता आली नाही. क्षितिजावर ढग असले, हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असले की किरणे वाटेतच क्षीण होतात. वाटेत एखादे बांधकाम उंच झाले तरी तेच. म्हणून किरणोत्सवाच्या दिवसांत कोल्हापूरकर देवीचे दर्शन घेतात आणि पश्चिमेच्या आकाशाकडेही पाहतात. हवा कशी आहे आणि आपण शहर कसे बांधले आहे, या दोन्हींची परीक्षा त्या काही मिनिटांत होते.

गोवळकोंड्याची टाळी

आता आपल्या भागानगराकडे येऊ. गोवळकोंड्याला पाहुणे नेले नाहीत असे आपल्यातले घर विरळाच. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली विशिष्ट जागी उभे राहून टाळी वाजवायची आणि वर बालाहिसारला ती ऐकू येते, हा खेळ आपण सर्वांनी केला आहे. अंतर सुमारे एक किलोमीटर. घुमटाच्या आतल्या वक्र पृष्ठभागावर आदळून आवाज एकवटतो आणि वर जातो. शत्रू आल्याची खबर देण्यासाठी ही योजना होती असे सांगतात. म्हणजे आज आपण जिला गंमत समजतो, ती मुळात इशाऱ्याची व्यवस्था होती.

शहराच्या मध्यावर नौबत पहाड आहे. शेजारच्या टेकडीवर आता बिर्ला मंदिर उभे आहे. मोगलांच्या काळात नौबत पहाडावरून नगारे वाजवून फर्माने जाहीर केली जात, अशी या नावामागची कथा आहे. १५९१ मध्ये बांधलेल्या चारमिनारवर १८८९ मध्ये चार बाजूंना चार घड्याळे बसवली गेली. ज्याच्या मनगटावर घड्याळ नव्हते, त्यालाही मान वर केली की वेळ कळू लागली. टाळी, नौबत आणि घड्याळ, तिन्हींचा हेतू एकच : जे काही जणांनाच ठाऊक आहे, ते सर्वांना एकदम कळावे.

शहर सजवण्याचीही येथे परंपरा आहे आणि तिच्याशी आपले नाते आहे. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवछत्रपती भागानगरला आले. कुतुबशहा अबुल हसनची आणि त्यांची भेट झाली, मादण्णांच्या मध्यस्थीने तह झाला. त्या वेळी शहर कसे शृंगारले होते, त्याचे वर्णन सभासदाच्या बखरीत आहे. दहाच वर्षांनी, १६८७ मध्ये, गोवळकोंडा औरंगजेबाने घेतला. सजावट कितीही देखणी असली तरी ती भिंतीचे रक्षण करत नाही, हे इतिहास तेव्हाच सांगून गेला.

तुग्यानी

भागानगरच्या वास्तूंची खरी परीक्षा मात्र सैन्यापेक्षा पावसाने जास्त घेतली. मोगल सुभेदारीच्या काळात चारमिनारचा एक मिनार वीज पडून ढासळला आणि मोठा खर्च करून पुन्हा उभा करावा लागला, अशी नोंद आहे. पण सर्वांत मोठा घाव २८ सप्टेंबर १९०८ चा. जुने हैदराबादी त्याला आजही तुग्यानी म्हणतात. शमशाबादला चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस झाला. मुसीच्या पाणलोटात सातशेहून अधिक तलाव होते. त्यांतले २२१ फुटले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावात, तो फुटला की त्याच्या खालच्यात, असे करत सारे पाणी रात्रीतून शहरावर आले. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. अफजलगंजजवळच्या, आता उस्मानिया इस्पितळाच्या आवारात असलेल्या चिंचेच्या झाडावर चढलेले सुमारे दीडशे लोक वाचले. ते झाड आजही उभे आहे. आपल्या दृष्टीने ते शहरातले सर्वांत मोठे स्मारक आहे.

आमच्यापैकी एकाच्या घरी पणजीची आठवण सांगितली जाते. कुटुंब तेव्हा गौलीगुड्याला राहत होते. पणजी आठ वर्षांची. मोठेपणी ती पुराची गोष्ट सांगे, तेव्हा पाण्याचे वर्णन फारसे करत नसे. ती एवढेच म्हणे, "पाणी यायचं ते आलंच असतं गं, पण रात्री कोणी हाक मारली असती, तर आमची आत्या वर आली असती." आत्या खालच्या माजघरात झोपली होती. घरात अजून तिचे श्राद्ध होते.

पुरानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावले. त्यांनी पाणलोट तपासला आणि शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारे दोन जलाशय सुचवले. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसी नदीवरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुढे कित्येक पिढ्यांनी यांचेच पाणी प्यायले. पण या तलावांचे पहिले काम शहर वाचवणे हे होते, ते आपण विसरलो.

उजेडाचा इतिहास

जुन्या वास्तूवर दिवे आणि आवाज यांच्या मदतीने तिचीच गोष्ट सांगायची, ही कल्पना फ्रान्समधली. १९५२ मध्ये शांबोरच्या राजवाड्यावर असा पहिला खेळ झाला. आपल्या देशात दिल्लीच्या लाल किल्ल्यावर १९६५ पासून तो सुरू झाला. गोवळकोंड्याचा ध्वनिप्रकाश खेळ १९९३ चा. अमिताभ बच्चन यांच्या आवाजात कुतुबशाहीची कथा ऐकत डासांना हाकलत बसलेलो आपण सर्व जण आठवा. जानेवारी २०२४ मध्ये तेथे नव्या यंत्रणेचा खेळ सुरू झाला. त्यात भिंतींवर प्रक्षेपणाची चित्रे सरकतात. त्याच वर्षी संजीवय्या पार्कात हुसेनसागरच्या पाण्याच्या पडद्यावर कोहिनूरची कथाही दिसू लागली.

हे तंत्र आम्ही आमच्या डिप्लोमाच्या भाषेत समजून घेतले ते असे. आधी भिंतीचे लेझरने मोजमाप घेतात. कोठे कोनाडा आहे, कोठे सज्जा पुढे आला आहे, ते संगणकात जसेच्या तसे उभे करतात. मग चित्र असे कापतात की कमानीचा उजेड कमानीतच पडावा. सपाट पडद्यावर सिनेमा दाखवणे आणि हे, यांत एवढाच फरक. पण त्यामुळे दगड हलल्याचा भास होतो. हवेला प्रतिसाद द्यायचा तर आणखी एक कडी जोडायची. वाऱ्याचा वेग मोजणारी फिरती वाटी, पाऊस मोजणारे पात्र आणि तापमान व आर्द्रता मोजणारी तबकडी यांचे आकडे संगणकाला द्यायचे आणि कोणत्या आकड्याला कोणते चित्र, ते आधी ठरवून ठेवायचे. वारा वाढला की चित्रातली पाने उडतील, पाऊस लागला की भिंतीवरून निळी धार उतरेल.

याची जुनी रूपेही आहेत. आपल्यातील कित्येकांची मुले बोस्टनला आहेत. तेथील एका जुन्या उंच इमारतीच्या शिखरावर १९५० पासून हवेचा दिवा आहे. स्थिर निळा म्हणजे आकाश स्वच्छ, लुकलुकता निळा म्हणजे ढग, स्थिर लाल म्हणजे पाऊस, लुकलुकता लाल म्हणजे बर्फ. उन्हाळ्यात लाल लुकलुकला तर बेसबॉलचा सामना रद्द! जपानमध्ये योकोहामा स्थानकाजवळ तोयो इतो या वास्तुकाराने १९८६ मध्ये एका जुन्या मनोऱ्याला छिद्रांच्या पत्र्याचे आवरण घालून वाऱ्याचा मनोरा केला. खालच्या भूमिगत बाजारपेठेची हवा खेळती ठेवणारा तो मनोरा दिवसा साधा दिसे. रात्री वाऱ्याप्रमाणे आणि रस्त्यावरच्या गोंगाटाप्रमाणे त्याचे दिवे बदलत.

दोन्ही उदाहरणे चांगली आहेत, पण त्यांत भेद आहे. योकोहामाचा मनोरा पाहून माणूस थबकतो. बोस्टनचा दिवा पाहून माणूस छत्री घेतो. आपल्या शहराला या दोन्हींपैकी काय हवे, असा प्रश्न आम्हाला पडला.

ऑक्टोबर २०२०

त्याचे उत्तर आम्हाला आपल्याच सोसायटीच्या आठवणीत सापडले. १३ ऑक्टोबर २०२० ची रात्र. बेगमपेठला एका दिवसात सुमारे १९ सेंटिमीटर पाऊस झाला. हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले. शहरभर वसाहती पाण्याखाली गेल्या. त्याच पावसात गोवळकोंड्याच्या भिंतीचा एक भाग ढासळला. चुन्याच्या दर्जात पाणी मुरते, फटीत पिंपळ रुजतो, मुळे दगड ढकलतात आणि एका मोठ्या पावसात वर्षानुवर्षांचे दुर्लक्ष खाली येते.

आमच्या अपार्टमेंटच्या सेलरमध्ये तेव्हा वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुले राहत. कुकटपल्लीच्या नाल्याकडे जाणारे पाणी रस्त्यावर चढले आणि उतारावरून सेलरमध्ये शिरले. आम्हा सर्वांच्या फोनवर पावसाच्या इशाऱ्याचे संदेश आले होते. ते एकमेकांना पुढे पाठवण्यात आम्ही दंग होतो. वॉचमनचा फोन चार्जिंग संपून पडला होता. रात्री साडेअकराला आमच्यातला एक जण स्कूटर वर घ्यायची म्हणून खाली गेला, तेव्हा खाटेच्या पाट्यांपर्यंत पाणी आले होते आणि मुले झोपेत होती. ती वाचली, कारण कोणालातरी स्कूटरची काळजी होती. हे लिहिताना आजही लाज वाटते. पणजीच्या आत्याला हाक मारणारे कोणी नव्हते. येथे तर हाक प्रत्येकाच्या खिशात होती, आणि ज्याला हवी होती त्याच्यापर्यंत ती गेली नाही.

आज तेलंगणात हजाराहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. पाऊस कोठे किती पडला, ते जवळपास तत्काळ कळते. माहितीची उणीव नाही. उणीव आहे ती चारमिनारच्या घड्याळासारख्या गोष्टीची. मान वर केली की फोन नसलेल्यालाही, वाचता न येणाऱ्यालाही कळावे, अशी ती हवी.

म्हणून आमचे मत असे बनले आहे की वारसा वास्तूंवर हवेप्रमाणे बदलणारी चित्रे जरूर यावीत, पण दोन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली, वास्तूची प्रकृती. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास कायद्याने मनाई आहे आणि त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र आहे; ते योग्यच आहे. भिंतीत एकही खिळा न ठोकता दुरून प्रकाश टाकता येतो. रात्रीचे काही तास अंधारही हवा, कारण त्या भिंतींत वटवाघळे आणि पक्षी राहतात. हवा मोजणारी उपकरणे बसवलीच आहेत, तर भिंतीतली ओलही मोजावी. जी भिंत पावसाचे चित्र दाखवते, तिच्या आत खरा पाऊस किती मुरला, हे चित्र काढणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. दुसरी गोष्ट, चित्राचा अर्थ. वर्षभर भिंतीने वाटेल ते दाखवावे. पण जोराचा पाऊस सुरू झाला, तलावाचे दरवाजे उघडले, की चित्र बंद होऊन एकच रंग दिसावा आणि त्या रंगाचा अर्थ सर्व शहराला पाठ असावा. चारमिनार लाल झाला तर मुसीकाठच्या प्रत्येक घरात तो कोणीतरी पाहीलच.

हे आम्ही म्हणून होणार नाही, हे सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसांना वेगळे सांगायला नको. फाइल कशी चालते, ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून सुरुवात घरापासून करायचे ठरवले.

आपली दीपमाळ

या वर्षी आपल्या मंडपाच्या दाराशी एलईडीचा पडदा नसेल. त्याऐवजी प्लायवूडची बारा फुटी दीपमाळ उभी आहे. ती सोसायटीच्या फाटकाशी, सेलरच्या उतारावरून दिसेल अशा जागी आहे. तिच्या हातांवर पणत्यांच्या आकाराचे दिवे आहेत. गच्चीवर पाऊस मोजणारे लहान पात्र आहे. त्यात एक वाटी असते. ठरावीक पाणी भरले की ती कलंडते आणि रिकामी होते. किती वेळा कलंडली, ते मोजले की पाऊस कळतो. कोरड्या हवेत सर्व पणत्या पिवळ्या. पाऊस सुरू झाला की खालून एकेक पणती निळी होत जाते, जशी भांड्यात पाण्याची पातळी चढावी. उतारावरच्या गटारात ठेवलेल्या तरंगत्या गोळ्यापर्यंत पाणी आले की सगळी दीपमाळ लाल होते आणि घंटा वाजते. वीज गेली तरी बॅटरीवर ती सहा तास चालते. सर्व सामान लॉरीभर नाही, एका पिशवीत आले. पात्र आम्ही रविवारी जोडले, रंगकाम महिला मंडळाने केले आणि मागच्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या मुलाने पणत्या मोजून दिल्या.

आषाढातच ती उभी करून तपासायला ठेवली. वॉचमन आता नवे आहेत, विदर्भाच्या सीमेवरच्या आदिलाबाद जिल्ह्यातले. घरी मराठी बोलतात. त्यांना रंगांचा अर्थ आम्ही एकदाच सांगितला. जुलैतल्या एका रात्री दोनच्या सुमारास मोठी सर आली. घंटा ऐकून आम्ही जिना उतरत खाली पोहोचलो, तोवर वहिनी मुलीला कडेवर घेऊन पहिल्या मजल्याच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. त्यांचे पाय कोरडे होते. पाणी उतारापर्यंत आले, आत शिरले नाही आणि पाऊण तासात ओसरले.

"घाबरलात का वहिनी?" आम्ही विचारले.

"नाही भाऊ," त्या म्हणाल्या, "खिडकीतून भिंत लाल दिसली. पोरीनंच उठवलं मला."

गणपती बाप्पा मोरया!